चारचौघांत न सांगायचं दुखणं

नौपाड्यातल्या घरी सकाळचा चहा झाला. उत्तरेने दिलेला पाण्याचा पेला गोदाआत्यांनी तसाच परत सरकवला.

"नको गं. प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि आग होते."

गोदाआत्या उत्तरेच्या सासऱ्यांची, हरिहरपंतांची, बालविधवा बहीण. भावाच्या संसारात राबताना त्यांची पन्नाशी उलटली होती. उत्तरेने कुणाला न विचारता त्यांना स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"लघवीत जंतू झालेत. गोळ्यांनी थांबेल," बाई म्हणाल्या. "पण पाळी गेली की तिथली कातडी कोरडी, नाजूक होते. म्हणून हे उलटतं. पुढे बायकांच्या हार्मोनचं मलम लावून बघू. आणि पाणी भरपूर प्या."

गोळ्यांनी आग थांबली. मलमाचे ऐकून हरिहरपंत मात्र भडकले.

"विधवेला बाईपणाचं औषध? लोक तोंडात शेण घालतील!"

त्यांच्या पत्नी सुमतीबाई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिल्या. आत्याच म्हणाल्या, "राहू दे, उत्तरा. माझ्यापायी वाद नको."

दुखणे उलटले, तेव्हा आत्यांनी ते लपवले. पाणीही तोडले. मग हुडहुडी भरून ताप आला. हरिहरपंतांनी काढा पाजला. टांग्यातून इस्पितळात नेईपर्यंत विष रक्तात भिनले होते. आत्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

घरात कुणी मोठ्याने रडले नाही. उत्तरेलाही रडू आले नाही. तिने आत्यांचे अंथरूण उन्हात घातले, आणि आत आणायचे विसरून गेली.

तेराव्याला पंगत बसली. हरिहरपंत पाहुण्यांना सांगत होते, "हिवतापाचं निमित्त झालं. देवाची इच्छा!"

वाढता वाढता उत्तरा थांबली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"हिवताप नव्हता, मामंजी. लघवीचं दुखणं होतं. त्याला औषध होतं. आपण आणू दिलं नाही."

"आत जा!" हरिहरपंत ओरडले.

ती हलली नाही. सुमतीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या,

"मलाही आग होते, उत्तरा. कधीची. लुगडं बदलून येते. डॉक्टरीणबाईंकडे आत्ताच जाऊ."

भरल्या पंगतीसमोरून सासू-सुना बाहेर पडल्या. पानांवरचा भात निवत होता. त्यांना अडवायला कुणी उठले नाही, आणि सोबत करायलाही नाही.