रक्ताचे दोन, घरचे दोन

चिमी हे नाव पडलं तेव्हा ती खरंच एवढीशी होती. पुढे दाराच्या चौकटीखालून वाकून जावं लागेल इतकी उंच झाली, पण नाव काही उसवून मोठं करता आलं नाही. दातांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. साच्यातून उरलेलं प्लास्टर टाकून देणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून त्यातून ती बोटभर उंचीचे राक्षस, बुटके आणि ड्रॅगन छोट्या साच्यांत घडवायची. एकदा एका आजोबांच्या डबीत कवळीऐवजी ड्रॅगन गेला. आजोबा दुसऱ्या दिवशी येऊन शांतपणे म्हणाले, "जरा टोचतोय."

ही फौज होती तिच्या रविवारच्या खेळासाठी. खेळ तसा सोपा. चिमी गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार आणि घोडं अडलं की फासे टाकायचे. फक्त सुरुवातीला आपलं पात्र कोण, कुठलं, कसं, हे प्रत्येकाने ठरवायचं. या खेळाच्या बाजारातल्या पुस्तकात लिहिलं होतं की ऑर्क म्हणजे अंगापिंडाने दांडगे आणि डोक्याने मठ्ठ राक्षस, तर एल्फ म्हणजे देखणे आणि हुशार. ते वाचून चिमीचं डोकं फिरलं. जन्माला यायच्या आधीच मठ्ठ, हा कुठला न्याय? तिने स्वतःचा नियम काढला: दोन गुण रक्तातून घ्यायचे, दोन ज्या घरात वाढलो त्या घरातून.

या नियमाचं तिला फार कौतुक होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिला जन्म दिला होता मावशीने आणि वाढवलं होतं आईने. दोघी सख्ख्या बहिणी. आई थोरली, मावशी धाकटी. लपवाछपवी कधीच नव्हती. मावशीला आधीची दोन मुलं होती, हात भरलेले होते, आईला मूल नव्हतं, म्हणून चिमी इकडे आली, असं सगळे सांगत. आता मावशीची मुलं आपापल्या संसाराला लागली होती आणि मावशीही इथेच राहायला आली होती.

त्या रविवारी डॉक्टरबाई आणि घोरपड घरी खेळायला आले होते. डॉक्टरबाई म्हणजे दवाखान्याच्या मालकीण. घोरपड म्हणजे तिथे एक्स-रे काढणारा गडी. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, या त्याच्या खोडीवरून सगळे त्याला तसं म्हणत. पलीकडच्या टेबलावर आई आणि मावशी मटार सोलत होत्या.

"माझा बुटका, हा ड्वार्फ, एल्फांच्या घरी वाढलाय," घोरपड म्हणाला. "भयंकर हट्टी आहे. हा हट्ट कुठे लिहू? रक्तात की घरात?"

"रक्तात," मावशी म्हणाली.

"घरात," आई म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या आणि दोघींचे हात शेंगांवर थांबले.

"ताई, हट्ट कुणी शिकवत नाही. मूल येतानाच घेऊन येतं."

"येतं की. पण पुरवला तर वाढतो. तो पुरवला कोणी?"

"म्हणजे अर्धा इकडे, अर्धा तिकडे लिहू का?" घोरपडीने विचारलं. चिमीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण तो वहीतच बघत होता.

मग ड्वार्फ राहिला बाजूला आणि चिमीचीच वाटणी सुरू झाली. उंची मावशीने घेतली. हिशोबीपणा आईने घेतला. शीळ घालण्यावर गाडी अडली.

"दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला मी शिकवलं तिला," आई म्हणाली. "गच्चीवर. शेजारी भांडायला आले होते."

"त्याला जीभ तशी वळावी लागते. ती वळते बाबांकडून."

"माझीही वळते. बाबा काय तुझ्या एकटीचे होते?"

हे मावशीच्या ध्यानातच आलं नव्हतं. घोरपड हळूच म्हणाला, "हा मुद्दा नियमात घ्यायला हवा."

डॉक्टरबाईंना राहवेना. त्यांनी चिमीला आ करायला लावला, मोबाईलचा उजेड आत टाकला आणि सवयीने हनुवटी वर केली. "जबडा मावशींचाच," त्या म्हणाल्या. "पण एकही दात किडलेला नाही. हे घरचं काम."

दोघींनाही हा निकाल पटला. मग दोषांवर घसरल्या, तेव्हा मात्र उलटंच झालं. ओला टॉवेल पलंगावर टाकणं, फोन न उचलणं, रागाच्या भरात जेवणावरून उठणं, यातलं काहीच कुणी पदरात घेईना. "आमच्याकडे असं कुणी नव्हतं," मावशी म्हणाली. "मी तर असं कधी चालवून घेतलं नाही," आई म्हणाली. गुणांना दोन दोन मालक आणि दोषांना वालीच नाही, असं पाहून चिमी वैतागली.

"एवढं कळतंय ना, मग या आणि खेळा दोघी."

ती रागाने बोलली होती. दोघी मात्र हात पुसून खरंच येऊन बसल्या.

मावशीने फौजेतून एक ऑर्कीण उचलली. "ही कामावरून दमून आल्यासारखी दिसते," ती म्हणाली. आईने बराच वेळ लावला.

"साधं माणूस होता येतं का गं?"

"येतं."

"नको. ते रोजचंच आहे." आणि तिनेही ऑर्कीणच उचलली. दोन्ही एकाच साच्यातल्या होत्या, म्हणून त्या बहिणी असं ठरलं.

"घरी कोण कोण?" डॉक्टरबाईंनी मावशीच्या ऑर्किणीला विचारलं.

"मुलगे आहेत. मुलगीही आहे एक. बहिणीकडे दिलीय वाढवायला."

चिमी फासे चाळवत होती, ती थांबली. दुसरं कुणी असतं तर इथे विषय बदलला असता. घोरपडीने विचारलं, "का दिली?"

मावशी हातातल्या प्लास्टरच्या बाईकडे बघत म्हणाली, "लोक म्हणतात, हिचे हात भरलेले होते. रिकामे असते तरी दिली असती. ताई रोज यायची, पोरीला न्हाऊ घालायची आणि जाताना दारातून वळून वळून बघायची. मला ते बघवेना."

"मी मागायला आले होते एक दिवस," आई म्हणाली. "शब्द तोंडातून निघेना. आणि तू समोर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होतीस."

"तुझ्याच पिशवीत भरत होते ती."

"हे तू मला सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी?"

डॉक्टरबाई चष्मा पुसत बसल्या. मग आईने नाक ओढलं आणि अगदी व्यवहारी आवाजात चिमीला विचारलं, "चालतं का गं असं, ऑर्कांत?"

चिमीच्या नियमांत असलं काहीच नव्हतं. तिने फासे खाली ठेवले.

"चालतं," ती म्हणाली. "ऑर्कांत सर्रास चालतं."

"मग लिही," मावशी म्हणाली.

खेळ एकदाचा सुरू झाला. दरीवर दोरांचा पूल होता. घोरपडीचा ड्वार्फ कुणाचं न ऐकता पुढे गेला, फळी मोडली आणि तो एका हाताने दोराला लटकला. डॉक्टरबाईंची एल्फ मंत्र विसरली. चिमीने ऑर्किणींकडे पाहिलं. "तुम्ही जवळ आहात. काय करता?"

"थोरली जाईल पुढे," आई म्हणाली.

"थोरली मी आहे," मावशी म्हणाली.

"तू कशी?"

"दोघी एका साच्यातल्या. कोण आधी निघाली, तुला काय माहीत? जन्मभर धाकटी झाले, ताई. इथे तरी नको."

आईने दोन्ही बाहुल्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, खाली वाकून त्यांची उंची पाहिली आणि चिमीला पट्टी आणायला सांगितली.

"मी लटकतोय," घोरपड म्हणाला.

"लटक जरा," आई म्हणाली. "आमचं ठरतंय."