समासातली लाल शाई

कॉलेजात माझ्या आईला सगळे 'कात्री' म्हणतात. तिच्या इतिहासाच्या पेपरात पन्नास मिळाले तरी पोरं पार्टी मागतात. मी तिच्याच वर्गात बसते, तिला मॅडम म्हणते, पण माझा पेपर ती तपासत नाही. घरच्या माणसाचा पेपर दुसऱ्याने तपासायचा, असा नियम. म्हणून माझे पेपर जातात साखर सरांकडे. ते अडुसष्ट देतात, खाली 'छान' लिहितात आणि मोकळे होतात.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. मी तिला मनातल्या मनात महामाया म्हणते. या वेळी तिला बावन्न पडले. तिचा पेपर पाहिला, तर समासात बोट ठेवायला जागा नाही. बाण काय, प्रश्नचिन्हं काय, 'कशावरून?', 'कुठे वाचलंस?', आणि शेवटी 'येऊन भेट'. सगळं आईच्या त्या तिरक्या, घाईच्या अक्षरात. एवढी लाल शाई बघून बाकीचे तिची समजूत काढत होते आणि मी अडुसष्टवाली तिथे जळत उभी होते.

जेवताना आई बाबांना सांगायला लागली. "प्रश्न होता, दुष्काळात बंड का होतं. तर ही पोरगी म्हणते, तेव्हा होतच नाही! पुढच्या वर्षी होतं, पोटात चार घास गेल्यावर. पुरावे सगळे चुकीचे. पण असं चुकायलाही डोकं लागतं हो!" आणि हसली. माझ्या पेपरावर ती अशी कधी हसलीये?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग दत्तकच घे ना तिला!"

"अगं, भाजी घे," बाबा म्हणाले.

रविवारी दुपारी मी माझा पेपर आईपुढे आपटला. "निकाल लागलाय, आता तुझा नियम आडवा येत नाही. तपास."

"चांगले अडुसष्ट आहेत की."

"तपास म्हटलं ना!"

तिने लाल पेन काढलं. दोन पानं झाली तरी ते कागदाला टेकलं नाही. "यात काय खुणा करू? हे माझंच व्याख्यान आहे. नुसती पोपटपंची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटचं पान तरी बघ."

तिथे, घंटा होता होता, मी एक वाक्य पदरचं घातलं होतं. साखर सरांनी त्यापुढे 'अनावश्यक' लिहिलं होतं. आईने ते मोठ्याने वाचलं. "उपाशी माणूस बंड करत नाही, शेजारच्या ताटात जास्त वाढलेलं ज्याला दिसतं, तो करतो."

तिने 'अनावश्यक' खोडलं आणि समासात लिहिलं, 'कशावरून?'

"स्वतःवरून," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारची खुर्ची ओढली. "बस. मी चाळीस दिले असते."

"तिला बावन्न आणि मला चाळीस?"

"चाळीस. आता सांग, हे नीट कसं मांडशील?"

मी बसले. "सांगते. पण ती महामाया मध्ये आणायची नाही."