योरिसच्या पानांची आयुधपूजा

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, पद्मनाभच्या छापखान्यात जे जे कामाचं आहे त्या सगळ्याला कुंकू लागतं. मशीनला, कात्रीला, शाईच्या डब्यांना, अगदी स्कूटरलाही. त्याच्या घराण्यात ही रीत पूर्वज कापडं रंगवणारे रंगारी होते त्या काळापासूनची. त्यामुळे सकाळी त्याच्या आई, जमुनाबाई, हळदकुंकवाची वाटी घेऊन हिंडत होत्या तेव्हा त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथेच चुकलं.

टेबलावर योरिसच्या हातच्या चित्रांची एकतीस पानं होती. योरिस डच. तरुणपणी त्याने तिकडच्या वर्तमानपत्रांत चित्रकथा काढल्या, मग पोस्टर्स, बिस्किटांचे डबे, पोस्टाची तिकिटंसुद्धा. बारा वर्षांपूर्वी म्हैसूर बघायला आला आणि जवळच हिनकलला भाड्याचं घर घेऊन राहूनच गेला. कन्नड म्हणाल तर ‘काफी’पुढे गाडी सरकली नाही. आता त्याच्या गावचं संग्रहालय त्याच्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरवणार होतं, आणि ही अस्सल पानं परवा निघायची होती. त्याआधी स्कॅन करून ठेव म्हणून महिनाभरापूर्वीच त्याने ती आणून दिली होती. पद्मनाभने आज करू, उद्या करू करत महिना घालवला.

आणि आता प्रत्येक पानाच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट उमटलं होतं.

“आई, हे काय केलंस?”

“काय केलं? त्याची आयुधं ती, अल्लवा? त्याच्यावरच जेवतो की तो. एकाला लावून दुसऱ्याला नाही असं नको, म्हणून एकेक पान उलटून लावलं. सुम्ने उगाच कशाला ओरडतोस?”

पद्मनाभने कापसाने एक ठिपका टिपून पाहिला. कुंकू आणखी पसरलं आणि चित्रातल्या सायकलवाल्याचं तोंड त्याखाली गेलं. कागदात मुरलेला रंग निघत नाही हे रंगाऱ्याच्या वंशजाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

दुपारी योरिस आला. त्याने पानं चाळली, शेवटपर्यंत सगळी. जमुनाबाई कौतुकाने बघत उभ्या.

“आवडलं का रे त्याला? विचार की.”

पद्मनाभने इंग्रजीत विचारलं. दुसरं काय करणार होता?

“छान झालंय म्हणून सांग,” योरिस म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याने कोरा कागद मागितला. “सायकलवाला तरी परत काढतो.”

दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. औषधं झाली, व्यायाम झाले, उपयोग शून्य. ही पानं खराब झाली की संपलं, पुन्हा काढणं त्याला जमणार नाही, हे पद्मनाभला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तो महिनाभर ढिम्म बसला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

चाकाची पहिली रेघ वाकडी गेली. दुसऱ्या कागदावरही तेच. तिसरा कागद योरिसने स्वतःच बाजूला सारला.

“अय्यो, हात बघ किती हलतोय,” जमुनाबाई कळवळल्या. “पद्मनाभा, धर की त्याला.”

पद्मनाभने वाकून त्याचं मनगट धरलं. पेन कागदावर टेकलं, हळूहळू फिरलं आणि चाक गोल आलं. कुठे खोट नाही.

योरिसने डाव्या हाताने कागद जवळ ओढला.

“ही तुझी रेघ आहे, माझी नाही,” तो म्हणाला आणि त्याने पेन खाली ठेवलं.

पद्मनाभला सोडवेना. सोडलं की हात पुन्हा थरथरायला लागेल, म्हणून तो ते मनगट तसंच धरून उभा राहिला.