नटावरची सरकलेली खूण

मित्रांनो, मी बर्फ लोटणारा आणि रस्त्यावर मीठ टाकणारा नारिंगी ट्रक आहे. माझ्यामुळे एका बाईचा जीव गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्ही उगाच आशा धरून बसणार नाही.

ग्रीसच्या उत्तरेला पिंडसच्या डोंगरात पेत्रोव्रिसी नावाचा गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने मला विकत घेतले, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पाद्रीबाबांनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवून माझ्या नाकाडावर पाणी शिंपडले आणि गावातल्या पोरांनी भोंगा वाजवून कान किटवले. उन्हाळ्यात मी खडी वाहिली, कचरा वाहिला, ऑगस्टच्या जत्रेला वाजंत्र्यांच्या मांडवाच्या फळ्या वाहिल्या. पण माझे खरे काम हिवाळ्यातले. पुढे लोखंडी पाते, मागे मिठाचा हौदा. पहिला बर्फ पडला की लोक खिडकीतून माझी वाट पाहत. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

माझा चालक झिसिस. पन्नाशीचा, अंगाने थोराड, बोलायला कमी. तो मला हातानेच धुवायचा. नऊ वर्षांत माझ्या चाकामागे दुसरे कोणी चालवायला बसले नाही.

गावाच्या शेवटच्या वळणावर थोमाइसचे घर होते. एकटी राहायची, सत्तरीची होती, आणि सगळा गाव तिला थिया, म्हणजे मावशी म्हणायचा. रस्त्याला लागूनच तिचा कोबीचा वाफा. मी तिथून गेलो की ती झाडू घेऊन बाहेर यायचीच.

“झिसिस, मीठ रस्त्यावर टाकायचं असतं रे, माझ्या कोबीवर नाही. डोळे गहाण ठेवलेस का कुठं?”

“थिया, आता भाजीत वेगळं मीठ घालायला नको,” झिसिस काच खाली करून म्हणायचा. मग ती झाडूचा दांडा माझ्या दारावर आपटायची. सबंध हिवाळाभर त्यांचे हेच चालायचे. ज्या दिवशी ती बाहेर येत नसे, त्या दिवशी झिसिस थांबून हाक मारी आणि ती बरी आहे ना, ते पाहून पुढे जाई.

त्या वर्षी नोव्हेंबरात मला बनवणाऱ्या कंपनीचे पत्र आले. नगरपालिकेच्या कचेरीतली फोतिनी ते घेऊन आमच्या शेडमध्ये आली आणि तिने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. माझ्या मालिकेतल्या गाड्यांचे मागच्या चाकांचे बोल्ट सदोष निघाले होते. त्यांच्यावरचे नट चालता चालता सैल होत. नुसते आवळून उपयोग नाही, बोल्टच बदलायला हवेत, आणि ते बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्यासाठी मला योआनिनाच्या कार्यशाळेत न्यायचे होते. दोन तासांचा रस्ता.

शेडचा मुकादम लाम्ब्रोस. मित्रांनो, तो दुष्ट माणूस नव्हता. पण आमच्या दुसऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स ऑक्टोबरपासून जमिनीवर उघडा पडला होता, आणि मी गेलो तर गावाकडे एकही गाडी उरत नव्हती. दुसरा ट्रक सुरू झाला की याला पाठवू, असे तो म्हणाला. मग नाताळ होऊ दे म्हणाला. पत्र टेबलाच्या खणात गेले आणि त्यावर पावत्या, वेळापत्रके, जुनी वर्तमानपत्रे साचत गेली.

झिसिसला मात्र चैन पडेना. त्याने लाल रंगाची डबी आणली आणि मागच्या चाकांच्या एकेका नटावरून थेट चाकावर एक बारीक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार. रोज सकाळी तो गुडघ्यावर बसून त्या रेघा बघायचा. तुटलेली दिसली की लांब दांड्याचा पाना लावून नट आवळायचा आणि रेघ नव्याने ओढायचा. नुसते आवळून उपयोग नाही असे पत्रात म्हटले होते, तरी तो करत राहिला, कारण हातातले तेवढेच होते.

जानेवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या चाकावरच्या चार रेघा सरकल्या होत्या, एक तर बोटभर. आदल्या दिवशीच आवळलेले नट होते ते. झिसिस पाना हातात घेऊन लाम्ब्रोसकडे गेला.

“चार सरकलेत.”

“आवळ की मग.”

“काल आवळले होते. पत्रात लिहिलंय...”

“पत्रात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, झिसिस.” लाम्ब्रोसने कॉफीचा पेला खाली ठेवला. “वरच्या वाडीत चाळीस घरं आहेत. निम्म्यात म्हातारी माणसं. रस्ता बंद राहिला आणि त्यांच्यातलं कुणी गेलं, तर त्यांच्या पोरांना मी पत्र दाखवू? तुला नको असेल तर नाही म्हण. मी स्वतः बसतो.”

लाम्ब्रोसला माझे पाते नीट चालवता येत नव्हते, हे दोघांनाही माहीत होते. झिसिसने किल्ली उचलली. मग म्हणाला, “हळू जाईन.”

आम्ही वर गेलो. वाडीपर्यंतचा रस्ता मोकळा केला. एका म्हाताऱ्याने झिसिसला घरी गाळलेली दारू, त्सिपुरो, देऊ केली, ती त्याने घेतली नाही. उतरताना माझ्या मागून आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. झिसिसने रेडिओ बंद केला. तिथे रस्ता अरुंद होता, एका बाजूला दरी. दोन वळणे राहिली आहेत, खाली सपाटीला थांबू, असे तो पुटपुटला. मला थांबता आले असते तर तिथेच थांबलो असतो.

शेवटच्या वळणावर थोमाइस दारासमोरच्या पायऱ्या झाडत होती. मला पाहताच तिने नेहमीसारखा झाडू उगारला. त्याच वेळी माझी मागची डावी बाजू धपकन खाली बसली. झिसिसने आपल्याच गाडीचे चाक खिडकीबाहेरून आपल्यापुढे निघून जाताना पाहिले. मी लोखंड घासत कठड्याला टेकून थांबलो. चाक थांबले नाही. थोमाइसला झाडू खाली घ्यायलाही सवड मिळाली नाही.

झिसिसने अंगातले जाकीट काढून तिच्यावर घातले आणि तो तिथेच बर्फात बसून राहिला. लाम्ब्रोस धावत आला. तो माझ्या उघड्या आसाकडेच पाहत राहिला. तिच्याकडे पाहायचे त्याला धैर्य झाले नाही.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. तिथे काय झाले ते फोतिनीने माझ्या शेजारी उभे राहून शेडच्या पहारेकऱ्याला सांगितले, म्हणून मला कळले. पत्र कागदांत हरवले होते, असे लाम्ब्रोस म्हणाला. फोतिनीने आपण ते सर्वांसमोर वाचल्याचे सांगितले. लाम्ब्रोस तिचा धर्मपिता होता, लहानपणी त्यानेच तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून हातांवर घेतले होते. बोलताना ती त्याच्याकडे पाहू शकली नाही. झिसिसच्या वकिलाने त्याला पढवून ठेवले होते की, मी साधा चालक, मला काय कळतंय, एवढेच म्हण. पण न्यायाधीशांनी विचारल्यावर तो म्हणाला, “मला माहीत होतं. सकाळी रेघा सरकलेल्या मी पाहिल्या होत्या. हळू गेलो, पण गेलो.”

दोघांनाही शिक्षा झाली, पण ती स्थगित असल्याने तुरुंगात जावे लागले नाही. झिसिसचा परवाना गेला.

खटला संपल्यावर योआनिनाहून दोन कारागीर आले. त्यांनी माझे जुने बोल्ट काढून नवे बसवले. झिसिस फाटकापाशी उभा होता. काम झाल्यावर त्याने घड्याळात पाहिले आणि विचारले, “झालं? एवढंच?”

“एवढंच होतं,” कारागीर म्हणाला. “पाऊण तास.”

झिसिसने टोपी काढली. माझ्याजवळ न येताच तो उतारावरून खाली निघून गेला.

आता मी धडधाकट आहे, पण माझ्यावर बसायला गावात कोणी तयार नाही. मिठाच्या हौद्याला गंज चढतो आहे. त्याचे मला फारसे वाटत नाही.

मित्रांनो, एक दिवस तुमच्यातल्या कोणाच्या तरी हातात अशा गाडीची किल्ली येईल, कोणाच्या टेबलावर असे पत्र येईल. तेव्हा समोरचा माणूस खरीच अडचण सांगत असेल, त्याची चाळीस घरेही खरी असतील. तरीही किल्ली खिशात ठेवा आणि गाडी निघणार नाही म्हणा. मी यंत्र आहे. किल्ली फिरवली की मला निघावेच लागते.