देल्फिनोच्या बारा बाटल्या

“अजून एक चर्च? सकाळपासून तीन झाली, फियोरेन्झा. तुझ्या बाबांकडे कधी जायचं?”

“जाऊ की. तू आई झालीस का पोलीस?”

फियोरेन्झा हसली खरी, पण तिच्या हातातली गाडीची किल्ली सकाळपासून या बोटावरून त्या बोटावर फिरत होती. तोबिया झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत नोएमीला माणसांच्या तोंडापेक्षा हातांकडे बघायची सवय लागली होती. तान्हे मूल काय होतेय ते तोंडाने सांगत नाही.

दोघी तोरिनो शहरातून निघाल्या होत्या त्या एकाच कामासाठी. नोएमीचे वडील देल्फिनो रस्तेदुरुस्तीच्या खात्यात कामाला होते. दर शरदात रजा काढून ते फियोरेन्झाच्या वडिलांच्या, सेकोंदोंच्या मळ्यात द्राक्षतोडणीला जायचे. नोएमी जन्मली त्या वर्षी त्यांनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी त्याच तोडणीच्या बारोलो वाइनच्या बारा बाटल्या मागितल्या. मूल जन्मले की बापाने त्या सालची वाइन राखून ठेवायची, अशी तिकडची रीत. या बाटल्या नोएमीच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला फोडायच्या होत्या. शहरातल्या चौथ्या मजल्यावर तळघर कुठले, म्हणून त्या सेकोंदोंकडेच राहिल्या. तीन हिवाळ्यांपूर्वी देल्फिनो वारले. तोबियाचा बाप्तिस्मा येत्या रविवारी होता.

तुला न्यायला मी येते, असे फियोरेन्झानेच सांगितले होते. जाता जाता दोन गावे फिरू, किती दिवसांत तू मोकळा श्वास घेतला नाहीस, असेही म्हणाली होती. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. हिला आपले कळते, म्हणून फोन ठेवल्यावर नोएमीला थोडे रडूही आले होते.

पण दोन गावांची पाच झाली. किल्ला झाला, बुरूज झाला, लोण्यातल्या शेवया खाता खाता फियोरेन्झाने स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याची गोष्ट दोनदा सांगितली. दरम्यान तोबियाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला, बाळ बाटलीने दूध घेत नाहीये. नोएमीची छाती भरून दगडासारखी झाली होती. चार वाजता ती बाकावरून उठली.

“आता मळ्यावर. नाहीतर मी बसने जाते.”

मग फियोरेन्झाचा इलाज चालला नाही.

सेकोंदो अंगणात, अक्रोडाखाली बसले होते. गुडघ्यांवर घोंगडी, जवळ काठी. त्यांनी नोएमीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“देल्फिनोचं नाक. पोराला दिलंस की नाही?”

“दिलंय, काका.”

“मग फुकट नाही गेला तो. जा, खाली जा. मला आता पायऱ्या उतरवत नाहीत. फियोरेन्झा बघते सगळं. तुझ्या बाटल्यांना कुणाला हात लावू देत नाही ती.”

फियोरेन्झा अक्रोडाच्या फांद्यांकडे बघत राहिली.

नोएमी पुढे होऊन तळघरात गेली. लहानपणी ती कितीदा तरी इथे उतरली होती. डावीकडचा तिसरा कोनाडा. खिळ्याला दगडी पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर खडूने, वडिलांच्या डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिले होते: नोएमीच्या बाळासाठी. खाली कोनाडा रिकामा होता. बाटल्या जिथे निजलेल्या होत्या तिथे धुळीत बारा लांबट खुणा होत्या, आणि त्यांच्यावरही आता पातळ धूळ बसली होती.

“कधी?” तिने विचारले.

फियोरेन्झा शेवटच्या पायरीवर थांबली होती. “माझ्या लग्नात.”

मग ती बोलतच सुटली. तिच्या सालच्या बाटल्या बाबांनी गारपिटीच्या वर्षी विकल्या होत्या, आणि हे तिला लग्नाच्या आठवडाभर आधी कळले. सासरचे सगळे वाइनच्या धंद्यातले. नवरीच्या सालची बाटली टेबलावर नसती तर जन्मभर ऐकवले असते. दोघींच्या वयात वर्षाचेच अंतर. लेबलांवरचे साल दिसू नये म्हणून तिने सगळी वाइन काचेच्या सुरयांत ओतून घेतली. नंतर सांगणार होती. आज तर सकाळपासून सांगणार होती.

नोएमीला ते टेबल आठवले. वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. फियोरेन्झा पांढऱ्या पोशाखात स्वतः उठून तिच्यापाशी आली होती, तिचा पेला तिने दोनदा भरला होता. आणि नोएमी म्हणाली होती, ही वाइन बाबांना आवडली असती.

“मी तेव्हा काय म्हणाले, ऐकलं होतंस ना तू?”

“ऐकलं होतं.”

“आणि तरी दुसऱ्यांदा भरलास.”

नोएमीने पाटी दोन्ही हातांनी, कडांना धरून खिळ्यावरून काढली.

वर आल्यावर सेकोंदोंनी विचारले, “सगळ्या नीट आहेत ना गं? माझ्यासाठी दोन घोट ठेवशील?”

फियोरेन्झाने मान खाली घातली. नोएमीने म्हाताऱ्याच्या घोंगडीकडे पाहिले, काठीकडे पाहिले.

“ठेवीन, काका. पाटी नेते तेवढी. रविवारी टेबलावर लागेल.”

गाडीचा थंड हवेचा पंखा कधीचा बिघडलेला होता. उतरत्या उन्हात, द्राक्षवेलींच्या रांगांमधून रस्ता वळणावर वळणे घेत होता. नोएमीने पाटी मांडीवर धरली होती, अक्षरे वर करून, पोटापासून थोडी दूर. तिच्या सदऱ्यावर दुधाचे दोन ओले डाग वाढत चालले होते. फियोरेन्झाने एकदा “नोएमी” अशी हाक मारली. कपाळावरचा घाम पुसून तिने काच खाली करायला हात नेला.

“नको,” नोएमी म्हणाली. “खडू उडेल.”

फियोरेन्झाने हात मागे घेतला आणि पुढचे वळण अगदी हळू घेतले.