दोन साडूंची फळी

“...आणि म्हणे येत्या रविवारी दोघे साडू त्या फळीचे उभे दोन तुकडे करणार. अर्धी याची, अर्धी त्याची. आणि मग बायकांचंसुद्धा बोलणं—”

एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. बायकांचं बोलणं काय? अहो, अर्ध्यावर टाकून कुठे निघालात? पण ऐकतंय कोण! वरच्या मजल्यावरच्या बाईंना बातमी नेहमी अशीच, एक पाय लिफ्टमध्ये ठेवून सांगायची सवय आहे.

जिचे दोन तुकडे व्हायचेत ना, ती फळी मी. मीच बोलतेय, चपलांच्या कपाटामागून, पिशवीत गुंडाळलेली. आठ महिने झाले, माझ्या तोंडाशी थोरल्या साडूंच्या जुन्या बुटांचा वास आहे. आता तरी मला बोलू द्या.

फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लाकूड येणार. मी लाकडाची नाही, हवेची आहे. पंपाने हवा भरायची, पाण्यात सोडायची, वर उभं राहून वल्हं मारायचं. कुणी मजेसाठी फिरतं, कुणी गळ टाकून मासे धरतं. काम झालं की हवा सोडून, गुंडाळून, पाठीवर घेऊन घरी.

माझ्या पोटात हजारो दोरे आहेत. वरचं कातडं आणि खालचं कातडं त्यांनी एकमेकांना धरून ठेवलंय. म्हणून हवा भरली की मी फुग्यासारखी गोल होत नाही, टेबलासारखी सपाट आणि टणक होते. मात्र हवा पुरेशी हवी. कारखान्यात एका बाईने मला पंपाच्या मीटरवर पंधरापर्यंत भरलं, दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी बोटांनी ठोकून बघितलं आणि मान डोलावली. त्यानंतर आजतागायत कुणी माझं पोट भरलेलं नाही. आणि पंधरा हा आकडा माझ्या अंगावर, हवा भरायच्या तोंडाशेजारीच छापलाय हो! पण वाचायचं म्हणजे पाप.

मला दोघांनी मिळून घेतलं. थोरले साडू चष्म्याच्या दुकानाचे मालक. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून “खालची ओळ वाचा” म्हणतात. धाकट्या साडूंचं टायरचं दुकान, पंक्चर काढण्यात हयात गेली. बायका सख्ख्या बहिणी. हे दोघे वीस वर्षं दर रविवारी तलावाच्या बांधावर शेजारी शेजारी बसून गळ टाकायचे. तासन्‌तास एक अक्षर बोलायचे नाहीत आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, “काय मस्त गप्पा झाल्या!” मासे मात्र मधल्या खोल पाण्यात असायचे. तिथवर पोचायचं म्हणून मी आले. दोन माणसांचं वजन पेलणारी, रुंद, मासेमारीची फळी.

पहिल्याच रविवारी घात झाला. पंप टायरवाले मारत होते, मीटरवर नजर चष्मेवाल्यांची.

“काटा हलत नाही रे,” चष्मेवाले म्हणाले. “मीटर बिघडलेलाच दिलाय.”

“मीटर कशाला पाहिजे?” टायरवाल्यांनी मला अंगठ्याने दाबलं. “झाली. हा अंगठा तीस वर्षं टायर दाबतोय, भाऊजी.”

“मग बस कर. उन्हात फुटायची.”

मी आतल्या आत ओरडत होते. अहो, आधी माझं पोट आकार घेतं, मग काटा जागा होतो! अजून मारा! पण मला वाचा कुठली.

दोघे चढले. पुढे चष्मेवाले, मागे टायरवाले. खोल पाण्यात पोचेपर्यंत मी कसंबसं सांभाळलं. तेवढ्यात गळाला मासा लागला, टायरवाले जरा उठले, आणि मी मधोमध केळ्यासारखी वाकले. दोघे धाडकन पाण्यात. लाइफ जॅकेट होती म्हणून तरंगले. चष्मेवाल्यांचा चष्मा तळाला गेला, मासा टायरवाल्यांची काठी घेऊन गेला. बांधावरची माणसं पोट धरून हसत होती.

“तू हललास!”

“मी? हललं कोण आधी? तुम्हीच मान वळवून बघत होतात!”

चष्म्याशिवाय चष्मेवाल्यांना दोन हातांवरचं दिसत नाही. तेव्हा टायरवाल्यांनीच हात धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं. आणि हात हातात असतानाच दोघे वाट्टेल ते बोलले.

“आयुष्यभर रबरात हवा भरणाऱ्याला तोल काय कळणार?”

“बरोबर आहे. आणि जगाचे डोळे तपासणाऱ्याला शेजारचा माणूस दिसत नाही.”

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. वाटणी काय झाली, ऐका आणि डोक्याला हात लावा. मी चष्मेवाल्यांकडे. पंप, वल्हं आणि माझ्या पोटाखालचं सुकाणूचं पातं टायरवाल्यांकडे. म्हणजे याला माझा उपयोग नाही, त्याला पंपाचा नाही. शहाणी माणसं ही! भांडायचं तर भांडा, पण निदान सामान तरी एका घरी ठेवा. मला सोडून सगळ्यांची तोंडं फुगलेली.

मी आपली कपाटामागून सगळं बघते. माझा स्वभावच आहे तो, काय करणार. चष्मेवाले रविवारी गॅलरीत बसून गळाची दोरी सोडवत बसतात. ती मुळात गुंतलेलीच नसते. ताई, म्हणजे त्यांची बायको, रोज अकराच्या सुमारास बहिणीला फोन करते आणि घरात चिटपाखरू नसताना कुजबुजत बोलते. पूर्वी बहिणी मनात आलं की एकमेकींकडे जायच्या. आता नवरा दुकानात गेला का, परत कधी येणार, याची चौकशी आधी. दोन पुरुषांच्या रुसव्यापायी सख्ख्या बहिणींनी चोरासारखं भेटायचं!

गेल्या आठवड्यात ताईचा संयम सुटला. दार सताड उघडं टाकून ती फोनवर म्हणाली, “रविवारी तुझ्या नवऱ्याला घेऊन ये. पंपबिंप सगळं घेऊन ये. दोघे बोलले तर ठीक, नाहीतर मी ते धूड कापून टाकते. तुझं अर्धं, माझं अर्धं. मग आपणही आपापल्या घरी बसू, संपलं.” हे बोलताना तिचा आवाज कापरा झाला, तो मी ऐकला. वरच्या बाईंनी नुसते शब्द ऐकले, तेही अर्धवट.

रविवार उजाडला. मला हॉलमध्ये आणून फरशीवर पसरलं. चष्मेवाले पेपरामागे. टायरवाले बगलेत पंप घेऊन उंबऱ्याबाहेर उभे, चपला न काढता. धाकटी बहीण मागून ढोसत होती, “जा ना आत!”

“बोला,” ताई म्हणाली. तिच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री. “कुणाची चूक?”

पेपराचं पान उलटलं. पंप या बगलेतून त्या बगलेत गेला.

“आठ महिने वाट बघितली हं मी,” ताई म्हणाली आणि खाली बसून कात्रीचं टोक माझ्या शेपटीपाशी खुपसलं. खोटं कशाला बोलू, मी जीव मुठीत धरला होता. माझं कातडं जाड, कात्री घसरली, पण इंचभर चीर पडलीच.

“अहो ताई, काय करताय!”

टायरवाले चपलांसकट आत. गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला. माझ्या आत हवेचा कणही नव्हता, तरी. तीस वर्षांची सवय. भोक दिसलं की त्यांना सोडून जाता येत नाही.

पिशवीच्या कप्प्यात गोंद, ठिगळाचा तुकडा आणि घडी न मोडलेला सूचनांचा कागद होता. टायरवाल्यांनी कागद उलगडला, लांब धरला. मग आणखी लांब. हात संपला.

पेपर खाली आला. “अजून लांब धर. खिडकीतून रस्त्यापर्यंत जाईल.”

वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने आठ महिन्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य!

“दिसतंय मला.”

“मग वाच.”

“छपाई पुसट आहे.”

चष्मेवाले उठून जवळ आले. टायरवाल्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, दुकानात बघतात तसे. “कधीपासून होतंय असं?”

“सहा-सात महिने झाले असतील.”

“अरे मग चष्मा का नाही केलास? गावात काय मी एकटाच आहे? चौकात दुसरा बसतो की.”

टायरवाले ठिगळाकडे बघत म्हणाले, “दुसऱ्याकडे काय म्हणून जायचं?”

धाकटीने उगाच पदर सावरला. चष्मेवाल्यांनी कागद ओढून घेतला, घसा खाकरला आणि मोठ्याने वाचायला लागले. जागा पुसून कोरडी करावी. गोंद दोनदा लावावा. एक दिवस थांबावं. आणि त्याखाली, “हवा पंधरापर्यंत भरावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये!” हे खणखणीत आवाजात. पुढची ओळ मात्र ते तोंडातल्या तोंडात वाचू लागले.

“मोठ्याने वाचा, भाऊजी.”

“सुरुवातीला काटा हलत नाही. मीटर बिघडला असं समजू नये.”

“हं,” टायरवाले म्हणाले.

“हं,” चष्मेवाले म्हणाले.

माफी म्हणाल तर एवढीच. पण ठिगळ मात्र असं बसवलं, की कारखान्यातल्या बाईनेही मान डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दुकानांना सुट्टी. तलावाच्या काठावर आळीपाळीने पंप मारणं सुरू झालं. बऱ्याच वेळाने काटा उठला, अकराला पंप जड झाला, तेराला दोघे मिळून दांड्याला लटकले. पंधरा! माझे हजारो दोरे एकदम ताठ झाले. काय सांगू तुम्हाला, आठ महिने उपाशी माणसाला कुणी ताट वाढावं तसं झालं. दोघे चढले, मी तसूभर वाकले नाही. खोल पाण्यात पाठीला पाठ लावून दोघांनी गळ टाकले आणि एक अक्षर बोलले नाहीत. पण ही मुकेपणाची जात वेगळी. ही मी ओळखते.

काठावरून ताई ओरडली, “आता आम्हाला एक फेरी!”

“पाच मिनिटं!” पाण्यातून उत्तर आलं.

मासेमाराची पाच मिनिटं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ऊन कलेपर्यंत बहिणी चटईवर वाट बघत बसल्या.

तेव्हा वरच्या बाईंच्या बातमीतलं खरं-खोटं मीच सांगून टाकते. मला कात्री लागली हे खरं. इंचभर लागली, दोन तुकडे झाले नाहीत. आणि बायकांचं बोलणं बंद झालं हेही खरं, पण नवऱ्यांशी! एकमेकींशी त्या इतकं बोलताहेत, की मला झोप लागत नाही.

झोपणार तरी कशी? माझी हवाच कुणी सोडत नाही! “पुन्हा पंधरा कोण भरणार?” असं दोघेही म्हणतात. म्हणून मी अकरा फूट फुगलेली, चष्मेवाल्यांच्या बोळकांडीत आडवी. येणारा जाणारा माझ्यावर आपटतो आणि मलाच बोलतो. उन्हाळ्यात अशी भरून ठेवू नका, शिवण उसवते, हेही त्याच कागदावर लिहिलंय. तोच कागद आता घडी घालून टायरवाल्यांच्या नव्या चष्म्याच्या डबीत आहे. बाबांनो, एकदा पुढचं पान उलटा. एवढंच मागणं आहे माझं.