सहा घरांचं नेट

"दामिनी, हे पाह्य बरं. हे नेट हाय का सूज हाय?"

तानुबाईंनी मोबाईल दामिनीच्या नाकासमोर धरला. दामिनी मांडीवरच्या लेकीला दूधभात भरवत होती. बोटं माखलेली, म्हणून तिने नुसती मान पुढे काढून पाहिलं. पडद्यावर आचल होती, तानुबाईंची लेक, गेल्या वर्षी अकोल्याला दिलेली. होती म्हणायचं एवढंच. आवाज गेला होता आणि चित्र अडकून पडलं होतं. कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे आणि मध्ये गालाचे चौकोन चौकोन झालेले. डाव्या डोळ्याखालचा चौकोन बाकीच्यांहून काळपट होता.

"नेट हाय, काकू," दामिनी म्हणाली. "दुपारी तुमच्या घरचं असंच रायते."

"अन् आवाज? खोल आडातून बोलल्यावानी येऊन राहिला होता."

"तोही नेटचाच."

"लय गुणाचं हाय वं तुयं नेट," तानुबाई म्हणाल्या. "सगळं आपल्या अंगावर घेते."

त्या हसल्या नाहीत. पदराने मोबाईलची काच पुसली, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसली. मग उन्हातून आपल्या घराकडे निघून गेल्या.

नांदगाव खंडेश्वरच्या बाहेर, शेतांना लागून ही सहा घरांची वाडी. सगळे भाजीपाला पिकवणारे. तालुक्याच्या टॉवरवरून येणारं नेट सहा घरांनी मिळून घेतलेलं. त्याची थाळी दामिनीच्या गच्चीवर आणि राउटर तिच्या देवघराच्या वरच्या खुंटीला. लग्नाआधी ती अमरावतीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, म्हणून हे काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. नेट मुळात बारीक. पहिल्या महिन्यातच भांडणं लागली. कोणाची पोरं गेम खेळायची, कोणाकडे दिवसभर सिरियल चालायची, आणि बाकीच्यांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत बसायचं.

तेव्हा उत्तमराव उठले. तानुबाईंचे मालक, वाडीतले सगळ्यात जाणते. सामाईक विहिरीच्या मोटारीच्या पाळ्या त्यांच्या वडिलांनी लावलेल्या आणि त्यांनी राखलेल्या. पाळी म्हणजे पाळी. एखादं घर लग्नाला गावी गेलं तर त्याच्या पाळीला मोटार बंद राहायची, शेजारचं वांगं सुकत असलं तरी. कारण पूर्वी एकाने रिकामी पाळी वापरली, पुढच्या वर्षी ती आपलीच म्हणून सांगितली आणि विहिरीच्या काठावर डोकी फुटली.

"नेटचं बी तसंच कर, सूनबाई," ते म्हणाले होते. "सहा घरं, सहा वाटे. मंधात भित."

"काकाजी, वाटे बरोबर हायेत. पन भितीची गरज नाही," दामिनी म्हणाली. "एकाचा वाटा रिकामा असला तं तेवढ्या वेळ दुसऱ्याले जाते. त्यानं मोबाईल उघडला का त्याचं त्याले वापस. हे पानी नोहे, साचून नाही रायत."

"आज रिकामं म्हनून घेईन, उद्या हक्काचं म्हनून मांगीन. मानूस तोच हाय ना? भित टाक."

तिने भिंत टाकली. राउटरच्या पानावर सहा घरांच्या सहा ओळी, प्रत्येकीला सारखा आकडा, आणि रिकामा वाटा दुसऱ्याला देण्याची खूण काढून टाकलेली. मोटारीच्या खोलीची चावी ज्याच्याकडे, तो घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, अशी वाडीची रीत. पासवर्डही चावीच. सहा घरांसमोर दामिनीने लेकीच्या टाळूवर हात ठेवला. टाळू तेव्हा मऊ होती, हाताखाली उडत होती. कोणासाठी भिंत काढणार नाही, असं ती बोलली.

त्या दिवसापासून वाडीत शांतता झाली. उत्तमरावांनी आपल्या वाट्यावर दोन कॅमेरे लावले. मोटारीची तांब्याची केबल चोरीला जात होती, म्हणून दोन्ही कॅमेरे विहिरीकडे तोंड करून. ते रात्रंदिवस चालत आणि घरच्या वाट्यातला मोठा घास घेत. उरलेल्या उष्ट्यात आचलचा चेहरा यायचा.

आचल फोन करायची दुपारीच, तिची सासू झोपली की. तेव्हा वाडीतली सगळी शेतावर, नाहीतर झोपलेली. दामिनी लेकीला पाळण्यात टाकून राउटरचं पान उघडायची. पाच ओळी आडव्या पडलेल्या, मोकळ्या. आणि उत्तमरावांची ओळ काठोकाठ भरून फुटत असलेली. तिथे आचल अडकलेली असायची.

"कॅमेरे घडीभर बंद करा ना, काकू," ती एकदा म्हणाली.

"त्यायले विचारा लागते. मंग थे म्हनतीन, कावून? काय सांगू? पोरगी चौकोनी दिसून राहिली म्हनून?"

एप्रिल तापला. अकोल्याचं ऊन तर अंगाची लाही करतं, आणि आचल मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून बसायची. तेवढं मात्र चौकोनांतूनही कळायचं. मी मजेत हाय, असं ती दर वेळी आधीच सांगून टाकायची, कोणी विचारायच्या आत. मग विचारायला काही उरायचं नाही.

त्या दिवशी तानुबाई आल्या त्या दाराच्या आत येईनात. उंबऱ्याबाहेर, चटक्यात उभ्या.

"तुया शपथेचं मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुया लेकीचं काई वाईट व्हावं असं मी सपनात बी नाही म्हननार. पन मायी बी लेक हाय, माय. मले एकडाव तिचं तोंड पाहू दे."

दामिनी पाळण्याकडे वळली. लेक घामाने भिजून झोपली होती. टाळूवर केस चिकटलेले. तिने ते फुंकरीने मोकळे केले. मग टेबलाशी बसली आणि काढलेली खूण परत लावली. एवढंच काम होतं. बाहेर कुठे काही हललं नाही. राउटरचे हिरवे दिवे होते तसेच मिणमिणत राहिले.

तानुबाईंच्या हातातला फोन वाजला.

पहिल्यांदा भिंत दिसली, अकोल्याच्या घराची, तिचे पोपडे एकेक मोजता यावेत अशी. मग आचल. चौकोन नव्हते. नाकातली मोरणी चमकत होती, कपाळावर घामाचे थेंब होते, आणि डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, जुना होत चाललेला हिरवट पिवळा डाग होता. त्याच्या शेजारी नवा, जांभळा.

"आई, जेवली काय? मी मजेत..." आचल बोलता बोलता थांबली. आईच्या डोळ्यांत तिला काय दिसलं कोण जाणे. तिने विचारलं, "आज मी साफ दिसून राहिली काय?"

"हो," तानुबाई म्हणाल्या.

पडद्यावर एकदम तळहात आला. तो इतका स्पष्ट होता की त्यावरच्या रेषा दिसत होत्या, भाजल्याचा एक बारका फोड दिसत होता. तळहाताच्या मागून आवाज आला, "आई, नेट जाऊन राहिलं वं. ठेवतो मी."

नेट कुठेच जात नव्हतं.

तानुबाई रडल्या नाहीत. फोन कमरेला खोचून त्या थेट शेताच्या वाटेने गेल्या. दामिनी उठली, पाळण्यापाशी गेली, लेकीच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. तरी घटकेत पुन्हा लावून पाहिला.

उत्तमराव आले ते फावडं हातात घेऊनच. मागे तानुबाई.

"भित काढली म्हनते?"

"हो, काकाजी."

"कोनाच्या हुकमानं?"

"माया हुकमानं," तानुबाई मागून म्हणाल्या. "पोरीचं तोंड पाहाले."

"रोज तं पायतेस."

"रोज कुठं दिसते? तुमची विहीर दिसते. तिच्यावर माशी बसली तं तुमाले समजते."

उत्तमरावांनी फावडं भिंतीला टेकवलं. "लाव फोन," ते दामिनीला म्हणाले. तिने लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, तर मधेच कोणीतरी कापला. तिसऱ्यांदा फोन बंद असल्याचं बाईच्या गोड आवाजात ऐकू आलं, आधी मराठीत, मग हिंदीत. उत्तमरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

दामिनीचा नवरा धर्मेंद्र पहाटेच अमरावतीच्या मार्केटला भाजी टाकून आला होता आणि बनियनवर झोपला होता. तिने त्याला हलवलं. "टेम्पो काढा. अकोल्याले जा लागते." त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि कशाला म्हणून विचारलं नाही.

उत्तमराव आणि तानुबाईंना घेऊन टेम्पो गेला आणि दुपार जागच्या जागी थांबली. दामिनीने लेकीला कडेवरून उतरवलं नाही. सारखं राउटरचं पान उघडून पाहायची. उत्तमरावांच्या घरात कोणी नव्हतं. कॅमेरे तेवढे ओकंबोकं पाणी पाहत बसले होते. धर्मेंद्रला फोन करायला तिचं बोट पुढे व्हायचं आणि मागे यायचं. उन्हं कलली, तरी फोन आला नाही. लेकीने वरण खाल्लं, उलटी केली, पुन्हा खाल्लं. त्या उलटीनंतर दामिनीने देवघरापुढे बसून लेकीची टाळू चाचपली. ती आता भरून आली होती, कडक झाली होती. तिलाच ते कधी कळलं नव्हतं.

दिवेलागण होऊन गेल्यावर टेम्पोचा आवाज आला.

आधी उत्तमराव उतरले, मागून तानुबाई. मग आचल. कोणी हात दिला नाही, तिने मागितलाही नाही. हातात पिशवी नव्हती, पायात चप्पल नव्हती. धर्मेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून खाली पाहत बसला होता. वाडीतल्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या, पण पुढे कोणी झालं नाही.

"पाय धुऊन घे, माय," तानुबाई म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.

उत्तमरावांनी स्वतः लोटा भरून आणला. लेक उंबऱ्याशी उभी राहिली, बाप वाकला. आचलने साडीचा काठ जरासा वर धरला आणि उत्तमराव पाणी ओतू लागले. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात त्यांची मान खाली गेली ती वर आली नाही. त्यांना काय दिसलं, ते एवढ्या लांबून दामिनीला कळलं नाही. पाण्याची धार बारीक होत गेली, थेंब झाली, तुटली.

"बाबा," आचल हळूच म्हणाली, "पानी सरलं."

ते तसेच वाकलेले होते, लोटा तिरपा धरून.